नावाड्यांसाठी लिहिलेला अर्ज

माझी बदली बेटावर झाली ती माझ्या गुणांमुळे नव्हे, तोंडामुळे झाली. केडगावच्या शाळेत तपासणीला आलेल्या साहेबांनी पोरांना सतराचा पाढा विचारला आणि म्हणून दाखवताना स्वतःच मध्ये चुकले. पोरं गप्प बसली. मी बसलो नाही. पंधरा दिवसांत हुकूम हातात पडला. आईनं कपाळावर हात मारला. उभा जन्म कारकुनीत घालवलेले माझे वडील एवढंच म्हणाले, "साहेबाचा पाढा चुकत नसतो, गाढवा."

बेट गोदावरीच्या पात्रात होतं. अलीकडे आपला नगर जिल्हा, पलीकडे मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य, आणि मधोमध साठेक घरं, एक मारुती, चौथीपर्यंतची एक शाळा आणि मी. उन्हाळ्यात वाळूतून चालत जाता यायचं. आषाढ लागला की चहूकडून पाणी, आणि मग पार पौष-माघापर्यंत सगळा व्यवहार एका नावेवर. मीठ नावेनं, रॉकेल नावेनं, नवरदेव नावेनं, तलाठीही नावेनं. तलाठी एकदा तरी बुडावा अशी मारुतीपुढची प्रार्थना मी माझ्या कानांनी ऐकली आहे, पण नावाड्यांनी तो कधी बुडवला नाही.

हे नावाडी चार होते, बेटावरच्याच चार घरांतले. त्यांच्या म्होरक्याला सगळं बेट आबा म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. साठीचा, काटकुळा आणि बोलण्याचा मनापासून कंटाळा असलेला माणूस. त्याच्या वाटणीचं त्याची बायको बोलायची. तिला मी मावशी म्हणत असे. मावशीनं तोंड उघडलं की पारावरची कुत्री उठून जागा बदलत.

आता या चौघांच्या नोकरीची गंमत अशी, की ती नोकरीच नव्हती. नावेचा मक्ता दर उन्हाळ्यात तालुक्याच्या कचेरीत लिलावानं जायचा. जो बोली जिंकेल तो त्या सालाचा मक्तेदार. मक्तेदार बदलत, नावाडी तेच राहत, पण ते कुणाचेच नव्हते. कचेरीला विचारावं तर ती म्हणे, ही मक्तेदाराची माणसं. मक्तेदाराला विचारावं तर तो म्हणे, माझा मक्ता आखाडापासून, त्याआधीचं मला काय ठाऊक? पाणी आटलं की चौघं कामावरून सुटत, पाणी आलं की पुन्हा लागत. आबा चाळीस वर्षं नाव वल्हवत होता आणि कागदावर त्याची एका वर्षाचीही चाकरी नव्हती. उन्हाळ्यात नाव उपडी घालून फटींत काथ्या भरायचा, डांबर फासायचं, हे कामही तीच माणसं करत. तेव्हा तर त्या सालाचा मक्तेदार ठरलेलाही नसे.

नावेचे काही रिवाज होते. सुईण, आजारी माणूस, पहिल्यांदा माहेरी येणारी पोर आणि प्रेत यांना नाव फुकट. काठावरून कुणी हाक मारली तर नाव भरायची वाट न बघता निघायचं. आणखीही एक रिवाज होता, पण तो मला फार उशिरा कळला.

युद्धाचे दिवस होते. नगरच्या छावणीला गवत पुरवून अंगावर तुकतुकी आलेल्या एका गृहस्थांनी त्या साली नावेचा मक्ता घेतला. वैशाखात ते आपली दौलत बघायला बेटावर आले. उपड्या नावेवर त्यांनी छडीनं टकटक केलं, जणू टरबूज पिकलंय का बघताहेत, आणि आबाला बजावलं, की नाव भरल्याशिवाय सोडायची नाही आणि फुकट कुणाला न्यायचं नाही, मग तो जिवंत असो की मेलेला.

"हाक आली की जावं लागतं," आबा म्हणाला.

"नाव माझी का तुझ्या बापाची?"

आबानं यावर विचार केला. "बापानंबी हीच वल्हवली," तो म्हणाला. त्यात उर्मटपणा मुळीच नव्हता. बिचाऱ्यानं विचारलं ते सांगितलं. पण मक्तेदाराच्या कानशिलांचा रंग बदलला. आठ दिवसांनी भीमेकाठचे, श्रीगोंद्याच्या बाजूचे चार नावाडी बायकापोरांसह वाळूत पालं ठोकून बसलेले दिसले. आमच्या चौघांना कुणी काढून टाकलं नाही. मुळात ठेवलेलंच नव्हतं, मग काढणार काय?

माझं डोकं फिरलं. शाळा सुटल्यावर दार लावून मी लेखणी पाजळली आणि तीन दिवस अर्ज लिहिला. अकरा पानं झाली. त्यात गोदामाईचं वर्णन होतं, दोन संस्कृत श्लोक होते, आणि मुद्दा एकच होता, की या पात्राचे खडक, भोवरे आणि वाळूचे बांध या चौघांखेरीज त्रिभुवनात कुणाला ठाऊक नाहीत, सबब दुसऱ्याच्या हाती नाव देणं म्हणजे रयतेला जलसमाधी देणं होय. अगदी शेवटी, पानावर जागा उरली म्हणून, मी लिहिलं: मक्तेदार कोणीही असो, नावेवरच्या माणसांना योग्य कारणाशिवाय काढू नये, आणि पाणी आटून नाव बंद राहिली म्हणजे त्यांची नोकरी तुटली असं धरू नये. सगळ्या अर्जात कामाचं तेवढंच होतं. बाकीचा माझा मिजासखोरपणा होता, पण तेव्हा तसं कुणी म्हटलं असतं तर मी त्याला मारलं असतं.

अर्ज मी चौघांना वाचून दाखवला. मावशीनं पदरानं डोळे पुसले. मला वाटलं, भाषेचा परिणाम. "धूर लई झालाय," ती म्हणाली. चौघांनी अंगठे उठवले. अकरा पानांच्या भरात अंगठ्यांखाली त्यांची नावं लिहायची मात्र मी विसरलो.

सरकारी काम आणि सहा महिने थांब. पण या वेळी विपरीत घडलं आणि महिन्याभरातच निरोप आला, की खुद्द मामलेदारसाहेब आषाढात नावेतून फिरून समक्ष चौकशी करणार आहेत. मी हर्षानं वेडा झालो आणि वेडाच्या भरात एक बेत रचला.

बेटाच्या वरच्या अंगाला पाण्याखाली एक मोठा खडक होता. तिथं पाणी वरून दिसायला शांत, पण खालून नावेला आडवं ओढायचं. भीमेची माणसं नवी. ती मामलेदारांना घेऊन निघणार, खडकावर नाव अडकणार, साहेबांची टोपी उडणार, आणि नेमक्या त्या वेळी आमचे चौघं बाभळींच्या आडून दोर घेऊन पाण्यात उड्या टाकणार आणि साहेबांना सोडवणार. मग अकरा पानांचं काम एका दोरात होणार. बाकीच्या तिघांना बेत फारच आवडला. त्यांनी दोर आधीच भिजवून तयार ठेवला. आबा फक्त "बरं" म्हणाला. तो सगळ्यालाच बरं म्हणायचा, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

तो दिवस उगवला. मामलेदार आले, छत्री आली, माझा अर्ज बांधलेलं दप्तर आलं. मी साहेबांच्या शेजारी बसलो. आमचे चौघं ठरल्याप्रमाणे बाभळींमागे दडले. वल्ह्यावर भीमेकाठच्यांचा म्होरक्या होता, तिशीचा, रुंद छातीचा, एका कानात बाळी घातलेला गडी. मी दोन्ही हातांनी नावेची कड धरून ठेवली आणि ज्या मारुतीला तलाठ्यासाठी लोक साकडं घालत त्यालाच मीही घातलं.

खडक जवळ आला. गड्यानं एक हलकीशी हाक दिली, डावीकडच्यांनी वल्ही उचलली, उजवीकडच्यांनी दोनदा जोरात ओढली, आणि नाव लोण्यातून सुरी जावी तशी खडकाला वळसा घालून गेली. साहेबांच्या छत्रीची काडीसुद्धा हलली नाही.

"वा!" मामलेदार म्हणाले. "किती वर्षं वल्हवतोस रे?"

"कळाय लागल्यापासनं, सायेब."

साहेब माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमच्या अर्जात बाकी फार पाल्हाळ आहे, पण लिहिलंय ते खरं. असे नावाडी दुसरे मिळायचे नाहीत. यांना मी हलू देणार नाही."

माझ्या ध्यानात यायला क्षणभर लागला. साहेबांना वाटलं होतं, अर्जदार ते हेच! तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, हे ते नव्हेत, ते तिकडं बाभळीमागे उकिडवे बसलेत. पण म्हटलं असतं तर साहेबांनी विचारलं असतं, हे इतकं छान वल्हवतात तर त्या चौघांवाचून अडलंय काय? माझा अख्खा अर्ज एका पायावर उभा होता आणि तो पाय नुकताच माझ्या डोळ्यांदेखत मोडला होता. ज्या तोंडानं साहेबाच्या पाढ्यातली चूक काढली, त्याच तोंडानं मी "होय साहेब" म्हणालो. या दोन शब्दांची लाज मला आज म्हातारपणीही वाटते. साहेब नगरच्या काठावर उतरले आणि घोड्यावर बसून परभारे निघून गेले.

मी परतलो तेव्हा चौघं ओल्या दोरासकट काठावर उभे होते. साहेब काय म्हणाले ते मी सांगितलं नाही. उलट आबावरच उखडलो. "खडक कसा चुकला त्यांना? कुणी सांगितला?"

"म्या," आबा म्हणाला.

"तुम्ही?"

"त्यो इचाराया आलता. आठ दिस बांबू घिऊन पान्यात हिंडत हुता. म्हनला, आबा, हितं वढ लई हाय, खाली काय हाय? म्या सांगितलं."

"अहो पण आपला बेत!"

"बेत ठीक हाय. पर पान्याचं कुनी इचारलं, तर खोटं सांगायचं न्हाई. नावंत मान्सं असत्यात, मास्तर."

हाच तो रिवाज. तो पाळल्यानं स्वतःच्या पोटावर पाय येतो आहे हे आबाला कळत नव्हतं असं नाही. मी रागानं दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. तो एरवीही बोलत नसल्यानं त्याला ते कळलंसुद्धा नसावं.

पुढचं सगळं मुकाट झालं. नव्या माणसांच्या नावेत बसायचं नाही असा रुसवा बेटानं धरला. तो आठ दिवस टिकला आणि नवव्या दिवशी मीठ संपलं. श्रावणात कचेरीचा एक कारकून आला आणि नावेवर जी चार माणसं होती त्यांची नावं लिहून घेऊन गेला. आमच्यातले दोघं श्रीगोंद्याकडं उसाच्या कामावर गेले. म्हणजे श्रीगोंद्याची माणसं आमच्या नावेत आणि आमची श्रीगोंद्याच्या उसात. मधल्या मध्ये मक्तेदार तेवढा जागच्या जागी, आयत्या बिळावरचा नागोबा. आबानं वाळूत काकड्या लावल्या. त्या पुरानं नेल्या. मग मावशी दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जाऊ लागली आणि वाटेत शाळा लागे तेव्हा दारात थुंकून पुढे जाई. मी खिडकी लावून घेत असे.

भाद्रपदात पूर असताना भरदुपारी पलीकडच्या काठावरून सुईणीनं हाक मारली. बेटावर एक बाळंतीण दोन दिवस अडली होती. नावेत दुसरा उतारू नव्हता आणि मक्तेदाराचा माणूस काठावर उभा राहून "भरल्याबिगर सोडायची न्हाई" असं ओरडत होता. भीमेच्या गड्यानं त्याच्याकडे बघितलंही नाही. नाव सोडली, सुईण आणली आणि तिच्याकडून काही घेतलं नाही. त्याला आमचे रिवाज कुणी शिकवले नव्हते. भीमेवरही बहुधा तेच असावेत. पोरगी झाली, आई वाचली, आणि मक्तेदारानं चौघांना सांगून टाकलं, की पुढच्या साली दुसरी माणसं आणणार.

पुढच्या वैशाखात हुकूम आला. मारुतीच्या पारावर सगळं बेट जमलं आणि मी खड्या आवाजात वाचू लागलो. मक्तेदार कोणीही असो, खालील नावाड्यांना योग्य कारणाशिवाय काढू नये. पाणी आटून नाव बंद राहिली तरी नोकरी तुटली असे समजू नये. माझंच शेवटचं वाक्य, शिक्क्यासह! लोकांनी टाळ्या पिटल्या. मग मी खालची चार नावं बघितली. चारही भीमेकाठची होती.

मी वाचायचा थांबलो. "फुडं वाचा की," कुणीतरी म्हणालं. मी वाचली, आणि मग नावेतलं साहेबांचं बोलणं आणि माझं "होय साहेब" हेही सांगून टाकलं. माणसं एकेक करून पारावरून उठून गेली. मावशीनं मला एक शिवीही दिली नाही, आणि ते सगळ्यांत वाईट होतं.

लिलावात मक्ता पुन्हा त्याच गृहस्थांनी घेतला होता. दोन दिवसांनी ते पेढे घेऊन शाळेत आले. "मास्तर, अर्ज तुमचा, चूक कचेरीची," ते गोड आवाजात म्हणाले. "लिहून द्या, की हुकूम भलत्याच माणसांच्या नावानं निघाला, सबब रद्द करावा. तुमच्या माणसांचे अंगठे घ्या. हुकूम गेला की भीमेवाल्यांना मी वाटेला लावतो आणि तुमचा आबा आखाडात नावेवर."

"आणि आबाच्या नावाचा हुकूम?"

"हुकूम कशाला हवा? मी आहे ना!"

इथं पहिलीतल्या पोरालाही वास आला असता. मला पेढ्यांचा आला. खरं सांगायचं तर मला माझी लाज धुऊन टाकायची घाई झाली होती. मी दोन पेढे खाल्ले आणि अर्ज लिहिला. आयुष्यातला माझा पहिला एकपानी अर्ज.

आबाच्या अंगणात मी तो वाचला. मावशी पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. तिनं शाईची गादी स्वतः उघडली, आबाचा हात धरला आणि अंगठा गादीवर दाबला. तो काळा अंगठा कागदाच्या वर धरून आबा थांबला.

"मास्तर, ह्यानं त्यो हुकूम ऱ्हातो का जातो?"

"जातो."

"मंग आमाला कोन ठिवनार?"

"मक्तेदार."

"आन् पुढल्या साली?"

मी कागदाची दुमडलेली कड सरळ करू लागलो.

"त्या भीमंच्या गड्याला कशापायी काडत्यात?"

"सुईण फुकट आणली म्हणून."

"आमालाबी त्याच्यापायीच काडलं हुतं," आबा म्हणाला, आणि त्यानं अंगठा धोतराला पुसला.

मावशीनं मग जे तोंड सोडलं ते मी लिहू शकत नाही. त्यातलं लिहिण्याजोगं एवढंच: "आवं, आपून काय खायाचं? त्यांचा हुकूम?"

आबा इतकं बोललेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. "चाळीस वरीस वल्हवली. असा कागद मला कुनी दिला न्हाई, माज्या बापाला दिला न्हाई. आता नावंला कागद मिळालाय. आज त्यांचा हाय, उद्या जो कोन नावंवर चढंल त्याचा. म्या त्यो माज्या अंगठ्यानं फाडू व्हय?"

मावशी रडायला लागली. या वेळी धूर नव्हता. मीही रडलो असतो, पण त्या अंगणात तेवढाही हक्क माझा उरला नव्हता. मी कागदाची घडी करून खिशात घातली आणि घरी जाऊन चुलीत टाकली. मक्तेदारांना त्यांचे उरलेले पेढे परत पाठवले. मोजले असते तर दोन कमी भरले असते.

आबा पुन्हा कधी नावेवर लागला नाही. भीमेचे चौघं मात्र राहिले. त्यांची पालं जाऊन कुडाच्या भिंती उभ्या राहिल्या, पोरं माझ्या शाळेत आली. पाढ्यात ती बेटाच्या पोरांइतकीच ढ होती.

त्या आषाढात पहिल्या बाजाराला आबा, मावशी आणि मी एकाच फेरीला निघालो. चाळीस वर्षांत आबा उतारू म्हणून त्या नावेत कधी बसला नव्हता. कुठं बसायचं हेच त्याला सुचेना. भीमेचा गडी जागेवरून उठला आणि त्यानं आपलं वल्हं दोन्ही हातांनी आबापुढं धरलं.

"आबा, या की. एक फेरी तुमी मारा."

मावशीनं पदर तोंडाशी धरला. आबानं वल्ह्याच्या गुळगुळीत झालेल्या मुठीकडं बघितलं. ती मूठ त्याच्याच हातांनी गुळगुळीत झाली होती.

"तुजं काम हाय त्ये," तो म्हणाला. "तूच कर."

आणि तो बायकांच्या टोपल्यांमध्ये जाऊन बसला. नाव निघाली. खडकाजवळ पाण्यानं ओढ घेतली, गड्यानं हाक दिली, डावीकडची वल्ही वर उचलली गेली. मी आबाकडं बघितलं. तो पाण्याकडं बघत होता, आणि त्यानं आपले दोन्ही हात मांडीखाली घट्ट दाबून धरले होते.